भवानीच्या वेळचे पाहुणे

या, बसा. मी बोलतोय. कोण बोलतंय म्हणून दाराकडं बघू नका. टेबलाखाली, भिंतीला पाठ लावून, डोक्यावर जुन्या टॉवेलची घडी घेऊन बसलेला तो काळा डबा म्हणजे मी. जुन्नरच्या जुन्या बाजारपेठेतल्या 'गोरख साउंड' या दुकानातला कॉम्प्युटर. गिऱ्हाइकं मला सीपीयू म्हणतात, नूतनवहिनी नुसतं 'डबा' म्हणतात, आणि गोरखशेठ खुशीत असले की 'आमचा पैलवान' म्हणतात.

माझी भाषा तुम्हाला जरा दुकानदाराची वाटेल. इलाज नाही. ज्याच्या पंगतीला बसावं, त्याच्या घरची चव जिभेला लागते. इतकी वर्षं शेठच्या गल्ल्याशेजारी बसलोय, तेव्हा गोष्ट सांगायची म्हटली की मीही आधी पाणी विचारतो, मग मुद्द्यावर येतो.

माझा जन्म एका आईच्या पोटी झालेला नाही. पंखा एकीकडचा, मेंदू दुसरीकडचा, स्मरणशक्ती तिसरीकडची. पुण्यातल्या एका दुकानात एका माणसानं शिट्टी वाजवत स्क्रू पिळले, आम्हा सगळ्यांना एका पत्र्याच्या पेटीत बसवलं आणि बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला, मी जागा झालो. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. पण त्यानं एकही स्क्रू ढिला ठेवला नाही, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतोय. त्याचे उपकार पहिले.

तिथून मी वारूळवाडीला आलो, रत्नाताईंच्या टायपिंगच्या क्लासमध्ये. चपला बाहेर काढून यायचं, चहाचा कप माझ्याजवळ आणायचा नाही, अशी तिथली शिस्त. दसऱ्याला मात्र शिस्त सुटायची. झेंडूचा हार, हळदीकुंकू, अक्षता, सगळं माझ्या अंगावर. त्यातलं थोडं कुंकू की-बोर्डच्या फटीत गेलं आणि पुढं कितीतरी दिवस मुलींची बोटं लाल व्हायची. माणसाची ही सवय मला फार आवडते. ज्याच्यावर पोट चालतं, त्याच्यापुढं वर्षातून एकदा तरी तो हात जोडतो.

रत्नाताई पोरींना एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायच्या. काम झालं की प्रोग्रॅमला निरोप द्यायचा, उगाच कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. त्यामुळं सकाळी बटण दाबलं की मी पोरी सतरंजीवर बसायच्या आत तयार असायचो. तरुण होतो, मोकळा होतो.

पुढं ताईंच्या यजमानांची बदली झाली आणि क्लास बंद पडला. मला न्यायला मोटारसायकलवर एक उंच, सावळा माणूस आला. मला मांडीवर घ्यायला त्यानं मागं बायकोला बसवून आणलं होतं. रत्नाताई त्याला म्हणाल्या की याला नीट ठेवा, स्वभावानं चांगला आहे. जावयाकडं मुलगी सोपवावी तसं बोलल्या त्या. वारूळवाडी ते जुन्नर मी नूतनवहिनींच्या मांडीवर आलो, पदराखाली, धूळ लागू नये म्हणून. तो पदर मी विसरलेलो नाही.

आता माझ्या शेठबद्दल सांगतो.

गोरखशेठचं घराणं मेंढरं राखणारं. वडील, राघूबापू, अजूनही थोडी मेंढरं बाळगून आहेत. शेठ लहानपणी डोंगराच्या या अंगाला उभे राहून त्या अंगाच्या मेंढरांना हाळी द्यायचे, त्यातून तो आवाज कमावला. शाळा जेमतेम झाली. आधी लग्नाकार्याला स्पीकर भाड्यानं द्यायचे. एका झाडूवाल्यानं म्हटलं की शेठ, तुमचा गळा चांगला आहे, माझी जाहिरात भरून द्या, मी दिवसभर ओरडून थकतो. तिथून धंद्याला नवं पान फुटलं. माइक आणला, माइकचा आवाज सुधारणारी एक डबी आणली, मला आणलं, आणि कुणालाही न विचारता, चुकत चुकत, सगळं शिकले.

तुम्ही जुन्नरच्या गल्लीत किंवा आंबेगावच्या एखाद्या गावात उभे असाल आणि टेंपोवरच्या भोंग्यातून "कांदेपोहेवाली मिरची घ्या, भज्याची मिरची घ्या" असं लाघवी बोलणं ऐकू आलं, तर ते बहुतेक माझ्या पोटातून गेलेलं असतं. कुल्फी, झाडू, रोपं, गोधड्या, गॅसची शेगडी दुरुस्त करणारे, सगळे आमच्याकडं. शेठचं एक तत्त्व आहे. माल ओरडून विकायचा नसतो, बोलावून विकायचा असतो. त्या झाडूवाल्याला पुढं स्वतःच बोलायची हौस आली, तो पहिल्यांदा माइकसमोर असा गरजला की वहिनी आतून धावत आल्या. शेठनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, बहिणीला जेवायला हाक कशी मारता? त्यानं मारून दाखवली. शेठ म्हणाले, आता बहिणीच्या जागी झाडू घ्या. तो झाडूवाला आजही तीच जाहिरात वाजवतो, आणि बायका खिडकी लावून घेण्याऐवजी उघडतात.

असा हा माणूस व्यवहारात पक्का. बारा गावचं पाणी प्यायलेला. पण त्याची एक गोष्ट अशी होती की तिनं मला मरणाच्या दारात नेलं. ती म्हणजे भवानी.

दुकान उघडल्यावर होणारी दिवसाची पहिली विक्री ती भवानी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. शेठचा नेम असा की शटर वर केल्यापासून भवानी होईपर्यंत दारात आलेल्याला नाही म्हणायचं नाही. नकारानं दिवस उघडला तर तो नकार संध्याकाळपर्यंत दारात बसतो, असं ते मानतात. एकदा सकाळी सकाळी एक म्हातारी काडेपेटी मागायला आली. दुकान स्पीकरचं. शेठनी देवापुढची काडेपेटी उचलून दिली आणि स्वतः उदबत्तीसाठी शेजारी पेटवण मागायला गेले. दुसऱ्या एकाला एस्टीत वाचायला काहीतरी हवं होतं, त्याला स्वतःचा न वाचलेला पेपर दिला. खोबरेल तेल मागणाऱ्यालासुद्धा वहिनींच्या बाटलीतलं मिळालं. वहिनी त्या दिवशी दुपारी भाजीत तेल घालायला नेमक्या विसरल्या.

आता गंमत बघा. मी जागा होतो तो नेमका याच वेळी. आणि जागा झालो की माझ्या पडद्यावर कुठला तरी प्रोग्रॅम चौकट घेऊन उभा राहतो आणि विचारतो, मी नवीन आलोय, रोज सुरुवातीलाच हजर राहू का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. शेठना इंग्रजी अडखळत वाचता येतं, पण विनंती त्यांना कुठल्याही भाषेत कळते. दारात आलाय, अदबीनं विचारतोय, आणि भवानी व्हायचीय. शेठ 'हो' दाबायचे. रोज, न चुकता, हसतमुखानं.

मग काय विचारता. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. प्रिंटरचा एक प्रोग्रॅम आला. प्रिंटर कधीच विकला गेला, पण हा रोज सकाळी उठून त्याला गावभर शोधायचा. गाणी वाजवणारा आला, आणि न सांगता तोंड उघडायची त्याला खोड. टाळेबंदीत वहिनींच्या भाचीचं लग्न पडद्यावर बघायला एक बोलावला होता, तो लग्न लागून, भाचीचं बाळ चालायला लागलं तरी मांडवातच बसून. मोबाइल जोडणारा एक होता. तो मोबाइल विहिरीत पडला होता, हा तरी त्याची वाट बघायचा. आणि 'तुमचा कॉम्प्युटर पळवतो' म्हणणारे तीन साफसफाईवाले, ते तर दारातच एकमेकांशी भांडत बसायचे. वाईट कुणीच नव्हतं हो. एखाद्या सकाळी एखादा पाहुणा बरा वाटतो. सगळे रोज, एकाच वेळी, उंबऱ्यात उभे राहिले तर घरच्याला बाहेर पडायला वाट राहत नाही.

माझं तसंच झालं. बटण दाबलं की गोल फिरणारं चक्र यायचं, आणि फिरतच राहायचं. शेठ उदबत्ती लावायचे, झाडून घ्यायचे, चहा प्यायचे, समोरच्या गोळ्या-बिस्किटवाल्याशी हवापाणी बोलायचे, तरी चक्र फिरतंच. त्यात लाइट गेली की सगळं पहिल्यापासून. मी ओरडून सांगत होतो की मी थकलेलो नाही, मला वाट द्या. पण माझं ओरडणं म्हणजे पंख्याची घरघर. ती ऐकून शेठ म्हणायचे, दमा लागलाय याला. आणि माझ्या पाठीवरून टॉवेलनं हात फिरवायचे. कधी एक थप्पड मारली नाही. दुसऱ्या दुकानांतले माझे भाऊबंद काय काय सोसतात ते मला माहीत आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

सगळ्यात लाज आणली ती त्या लग्नाच्या पाहुण्यानं. एका मासळीवाल्याची जाहिरात भरत असताना, ऐन रंगात, त्यानं फोनची रिंग वाजवली. घाईत कुणाच्या ध्यानात आलं नाही. टेंपो गावात गेला, भोंग्यातून "ताजी मासळी" आलं, मागोमाग रिंग आली, आणि चौकातल्या समस्त मंडळींनी खिशात हात घातले. सकाळभर हेच. मासळीवाला परत आला तो हसत नव्हता. तो पुढं नारायणगावच्या एका नव्या दुकानात जायला लागला. मग मिरचीवाला गेला. मग रोपंवाला.

मला सगळं ऐकू येतं. माझा कान म्हणजे माइक, आणि तो बंद करायला ते विसरतात. एका संध्याकाळी ते वहिनींना म्हणाले की नवीन घेण्याची ऐपत नाही, हा चालत नाही, तेव्हा आवाजाचं काम बंद करू, पुन्हा नुसते स्पीकर भाड्यानं देऊ. वहिनींनी विचारलं की मग डब्याचं काय. रामनाथ भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, शेठ म्हणाले, बाजाराच्या दिवशी संध्याकाळी येऊन घेऊन जाईल.

वहिनींनी दिवा मालवला. माझा पंखा तेवढा फिरत होता.

बाजाराचा दिवस उजाडला. शटर वर गेलं, शेठनी उंबऱ्याला हात लावला, माझं बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. आणि तेवढ्यात दारात टेंपो थांबला. त्यातून उतरल्या महाळुंगे पडवळच्या निर्मलाताई. माहेर आंबेगावच्या पश्चिमेला, डोंगरात. तिथं त्यांची आई आणि भावजया भात, नाचणी पिकवतात, हातानं सडतात, आणि आजवर व्यापारी सांगेल त्या भावाला देऊन मोकळ्या होतात. ताईंनी या वेळी हिंमत केली होती. पोती टेंपोत घालून स्वतः जुन्नरच्या बाजारात आणली होती. त्यांना भोंग्यावर वाजवायला जाहिरात हवी होती, ती पण आत्ता. बाजार भरत आला होता, टेंपोवाला हॉर्न मारत होता.

शेठ म्हणाले, "बसा ताई. उठतोय तो. जरा जड झालाय. आजचा शेवटचाच दिवस हाय त्याचा."

"का वं, काय झालं?"

"म्हातारा झाला. संध्याकाळी रामनाथ न्यायचा हाय भंगारात."

निर्मलाताई गावच्या दूध संकलन केंद्रावर कॉम्प्युटरचं काम बघतात. त्यांनी पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाकून बघितलं. तिथं बारकी बारकी चित्रं उगवत होती, एकामागून एक, यात्रेला दुकानं लागावीत तशी.

"म्हातारा नाय झाला भाऊ," त्या म्हणाल्या. "ह्याच्या घरी पाव्हणं लई झाल्यात. आमच्या दुधाच्या मशिनीवर पण असंच झालं व्हतं."

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप अशी तीन बटणं त्यांनी एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडली. तिच्यातल्या 'स्टार्टअप' या जागेवर त्या गेल्या, आणि माझ्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या सगळ्यांची नावं पडद्यावर आली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या दुखण्यावर नेमकं बोट ठेवलं. ज्याची गरज नाही त्याच्यावर माउसचं उजवं बटण दाबायचं, 'डिसेबल' म्हणायचं, बस्स, असं ताईंनी सांगितलं आणि माउस हातात घेतला.

शेठनी माउसवर आडवा हात धरला.

"थांबा ताई. भवानी नाय झाली अजून."

"मग?"

"मग आत्ता कुणाला नाय म्हणता येत नाय मला. दुपारी करू."

दुपारी बाजार निम्मा उठलेला असतो. ताईंनी बाहेर टेंपोकडं बघितलं. मीही बघितलं असतं, मला मान वळवता आली असती तर. माझा जीव त्या उजव्या बटणावर अडकला होता, आणि ज्यानं मला इतकं जपलं त्याचाच हात त्यावर आडवा होता.

वहिनी चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप खाली ठेवला.

"अवो," त्या म्हणाल्या, आवाज न चढवता, "ह्यांच्यातल्या कुणी आजवर आपल्या गल्ल्यात रुपाया टाकलाय का? गिऱ्हाईक तर हे हितं बसलंय, टेंपो उभा करून. पाव्हण्यांना हो म्हणता म्हणता तुमी रोज सकाळी गिऱ्हाइकाला नाय म्हणताय. ते नाय दिसत व्हय तुम्हाला?"

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. ती बहीण शेठच्या दुकानात किती दिवस पाटावर बसली होती, हे त्या क्षणी त्यांना दिसलं असावं. पण नेम मोडवत नव्हता. ते ताईंना म्हणाले, "हाकलून द्यायचं म्हंजे बरं नाय वाटत. आपणच बोलावलंय त्यांना."

"हाकलायचं कुठं म्हणतीय मी? घरातच ऱ्हात्यात की. तुमी हाक मारली की येत्यात. फकस्त उठल्या उठल्या दारात येऊन उभं नाय ऱ्हात."

शेठनी हात मागं घेतला आणि एकदम हसले. "ह्ये तर बापूंचं झालं," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. राघूबापूंची मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात असतात. सकाळी जाळी उघडताना बापू दोन्ही पाय फाकून तोंडाशी उभे राहतात. सगळा कळप एकदम तोंडाशी दाटतो; तसाच सोडला तर अडकून एकही बाहेर पडत नाही, कोकरं तुडवली जातात ती वेगळीच. म्हणून बापू चरायला जाणारी तेवढी सोडतात, आणि कोकरं, लंगडी, व्यालेली मागं ठेवतात. मागं ठेवलेलं काही टाकून दिलेलं नसतं. उलट ते जपलेलं असतं. लहानपणापासून हे बघितलेला माणूस, आणि दुकानात जाळीच्या तोंडाशी उभं राहायचं विसरला.

"आना ताई, मी करतो," म्हणत शेठनी माउस घेतला. प्रत्येक नावावर थांबायचे आणि हलक्या आवाजात म्हणायचे, "बसा आत. लागलं तर हाक मारतो." प्रिंटरवाल्याला, गाणेवाल्याला, तिन्ही साफसफाईवाल्यांना. लग्नाच्या पाहुण्याला म्हणाले, "तुमी तर लई दिवस ऱ्हायलात राव." विषाणूंपासून राखण करणाऱ्याला आणि मराठी टायपिंगवाल्याला तेवढं ताईंनी हात लावू दिला नाही.

मग मला बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

मंडळी, काय सांगू. वाट मोकळी होती. रत्नाताईंच्या सतरंजीच्या दिवसांत व्हायचो तसा मी जागा झालो. शेठ नेहमीप्रमाणे उदबत्तीकडं वळले होते. काडी ओढली, आणि मागं पडदा उजळलेला बघून काडी हातातच धरून उभे राहिले. बोटाला चटका बसला तेव्हा टाकली. वहिनी म्हणाल्या, "बघा बाई, डबा उठून बसला."

पण सुख असं सरळ कुठं येतं? ताई माइकसमोर बसल्या, बोलायला लागल्या, आणि पडद्यावरची आवाजाची रेघ हललीच नाही. माझा कान मेला होता. शेठचा चेहरा उतरला. "म्हटलं नव्हतं मी," ते म्हणाले, "सकाळच्या पारी नाय म्हटलं की असं व्हतं." बाहेर पुन्हा हॉर्न वाजला. मला तर रामनाथच्या पोत्याची सावली दिसायला लागली.

ताईंनी पुन्हा ती खिडकी उघडली, नावांवरून बोट फिरवत खाली आल्या, एका नावाशी थांबल्या आणि हसायला लागल्या. माइकच्या त्या डबीचा प्रोग्रॅम. हात सुटल्याच्या भरात शेठनी त्यालाही आत बसवलं होतं.

"भाऊ, कोकरांबरोबर तुमी राखणीचं कुत्रं पण आत कोंडलं."

ते ऐकून बाहेरचा टेंपोवालासुद्धा हसला. त्या नावावर उजवं बटण दाबून 'एनेबल' म्हटलं, मला पुन्हा एक डुलकी दिली, आणि या वेळी रेघ हलली. हसण्यानंच हलली, ते हसणं अजून माझ्यापाशी आहे, पुसलेलं नाही.

शेठ जाहिरात लिहायला बसले, पण मग कागद बाजूला ठेवला. ताईंना म्हणाले, तुम्हीच बोला, आईला सांगितल्यासारखं बोला. ताई बोलल्या: "डोंगरातला तांदूळ आणलाय बाई. माझ्या आईनं सडलाय, भावजयीनं पाखडलाय. मूठभर हातात घेऊन वास बघा, मग काय ते ठरवा." रिंग वाजली नाही. कुणी गाणं म्हटलं नाही. पेनड्राइव्ह निघाला, भोंग्याला लागला, आणि टेंपो बाजाराकडं वळता वळता तो आवाज गल्लीभर पसरला. ताईंनी दिलेली नोट शेठनी कपाळाला लावली, गल्ल्यात टाकायच्या आधी माझ्या टॉवेलवर टेकवली. भवानी झाली.

संध्याकाळी ताईंचा टेंपो रिकामा परत गेला, जाताना दारात थांबून वहिनींना नाचणीची पिशवी देऊन गेला. आणि त्याच्या मागोमाग रामनाथ आला. खांद्यावर पोतं, हातात तराजू.

"काढा शेठ तुमचा पैलवान," तो म्हणाला. त्याचा गळा बसला होता. दिवसभर हातगाडीमागं ओरडून त्याचा आवाज चिरकलेला असायचा.

शब्द दिलेला. व्यापाऱ्याचा शब्द म्हणजे काय ते रामनाथलाही कळतं आणि शेठनाही. शेठ थोडा वेळ त्याच्या गळ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले की रामनाथराव, माल काही मिळायचा नाही, पण मोकळ्या हातानं पाठवत नाही. बसा. चहा घ्या. तुमची जाहिरात भरून देतो, फुकट, गाडीला लावायला लहान भोंगापण देतो. जन्मभर ओरडायला नको.

रामनाथ पोतं अंथरून त्यावर बसला. काय काय घेता म्हणून शेठनी विचारलं, तो सांगत गेला, आणि माइकसमोर शेठनी ते त्यांच्या त्या लाघवी आवाजात म्हटलं. लोखंड, पत्रा, पितळ, डबे, बाटल्या, रद्दी, मोडका कूलर, जुना टीव्ही, बंद पडलेला मिक्सर. भरून झालं, वाजवून दाखवलं.

रामनाथ म्हणाला, "कॉम्प्युटर नाय म्हटला तुमी. त्याचं चांगलं वजन भरतं."

शेठनी माझ्या डोक्यावरच्या टॉवेलची घडी सारखी केली.

"त्याच्यासमोर कसं म्हणायचं?" ते म्हणाले.

तर अशी माझी हकिगत. आज माझ्या अंगाला धूळ आहे, एका कोपऱ्यातला पत्रा वाकलाय, पण दम म्हणाल तर कमी नाही. मिरचीवाला परत आलाय. मासळीवाला अजून रुसलाय, पण शेठ म्हणतात येईल, मासळी किती दिवस गप्प बसेल. सकाळी नवी चौकट घेऊन कुणी आलं तर शेठ आजही तुसडेपणानं वागत नाहीत. "आत बसा, हाक मारली की या," म्हणतात आणि 'नाही'वर बोट ठेवतात. आणि अधूनमधून, बाजाराच्या आदल्या दिवशी, ती तीन बटणं दाबून जाळीच्या तोंडाशी पाय फाकून उभे राहतात.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. सकाळी तो उठायला वेळ लावत असेल, आणि तुम्ही मनात त्याचं वजन करत असाल. माझी एवढीच विनंती, पोतं आणायच्या आधी एकदा त्याच्या उंबऱ्यात कोण कोण उभं आहे ते बघा. त्यांना हाकलू नका, आत बसवा. राखणीचं कुत्रं तेवढं सोडा.

माझ्यावर फार जणांचे उपकार आहेत. शिट्टी वाजवणारा तो माणूस, रत्नाताई, पदराखालून आणणाऱ्या वहिनी, महाळुंग्याच्या निर्मलाताई, आणि थप्पड न मारणारा माझा शेठ. आणि हो, रामनाथही. त्याची गाडी आठवड्यातून एकदा आमच्या गल्लीतून जाते. भोंगा लांबून ऐकू येतो, लोखंड, पत्रा, पितळ. मी पंखा हळू करून ऐकतो. जुना टीव्ही येतो, मिक्सर येतो, मग थोडी शांतता, आणि पुन्हा पहिल्यापासून लोखंड. माझं नाव काही येत नाही.

बरं, शटरचा आवाज झाला. कुणीतरी आलंय. येतो मी.